तीन कुलपांच्या पेटीतले दानपत्र

सुज्ञ वाचकांस सविनय निवेदन करण्यात येते की, पुढील पृष्ठांत एका अत्यंत गूढ अशा घटनेचा वृत्तान्त यथाक्रम देण्यात येईल. तीन कुलपांपैकी एकही न तुटता पेटीतला कागद नाहीसा कसा झाला, तिघा संशयितांनी दर्ग्याच्या भिंतीवर हात ठेवून शपथ कशी घेतली, आणि ते तिघेही खरे बोलत असताना आमचे पाटकरी दादा हम्मू यांनी केवळ बुद्धीच्या बळावर त्या कागदाचा ठाव कसा लावला, हे सर्व त्यात येईल. या कथेत खून नाही. ज्यांस खुनाची अपेक्षा असेल त्यांची प्रस्तुत लेखक आरंभीच क्षमा मागतो. परंतु एका विहिरीचा जीव मात्र टांगणीला लागलेला होता, आणि तिच्या झाकणाला कुलूप घालणारा हात माझाच होता.

प्रकरण पहिले : निळ्या फायलीतील रिक्त स्थान

मंगळवारी सकाळी आमच्या पाणी मंडळाच्या चिटणीस केल्तूम यांनी मला पंपघरातून बोलावून नेले. ही मुलगी अगादिरला शिकून आलेली. सरकारदरबारी अर्ज करकरून तिने वर्षभर चपला झिजविल्या होत्या. मंडळाच्या खोलीत तीन किल्ल्या फिरल्या, तीन कुलपांची लाकडी पेटी उघडली, आणि तिच्यातील निळी फाईल चाळीत केल्तूम जमिनीवर बसली.

"इदरभाऊ," ती म्हणाली, "दानपत्र नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये! नकाशे आहेत, अर्ज आहेत, प्रयोगशाळेचा अहवाल आहे. दानपत्र तेवढं नाही."

येथे प्रकरणाचे मूळ सांगणे अगत्याचे आहे. आमच्या तामदा गावात घरोघरी शोषखड्डे आहेत. त्या खड्ड्यांतील घाण खडकाच्या भेगांतून झिरपत खालच्या आळीच्या विहिरीत उतरली, आणि चौदा महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेने ते पाणी पिण्यास अयोग्य ठरविले. पंपचालक या नात्याने झाकणाला कुलूप मीच घातले. त्या दिवशी मी खालच्या आळीतील बायकांना शब्द दिला होता, "बायांनो, हे कुलूप कायमचं नाही." तेव्हापासून त्या बायका वरच्या झऱ्यापर्यंत दोनशे पायऱ्या चढतात, आणि प्रत्येक पायरीवर माझे नाव घेतात. प्रेमाने नव्हे.

उपाय एकच होता. सर्व घरांचे सांडपाणी नळांनी गावाखाली न्यावे आणि बोरूच्या गाळणकुंडात स्वच्छ करावे. सरकारी निधीतून नळ व कुंड मिळणार होते. गावाने जमीन द्यावयाची व चर स्वतः खोदावयाचा. मात्र अट अशी होती की, जमिनीच्या दानपत्रावर एकेचाळीस घरांच्या कर्त्यांचे अंगठे असावेत, आणि ते मूळ पत्र गुरुवारी दुपारी बारापूर्वी प्रांताच्या समितीपुढे हजर व्हावे. नक्कल चालणार नव्हती. बारा वाजून गेले की निधी यादीतील पुढच्या गावास जाणार होता.

"पुन्हा अंगठे घेऊ," मी म्हणालो.

"कुणाचे? सणाला आलेली वीस माणसं काल सकाळच्या बसनं कासाब्लांकाला आपापल्या दुकानांवर गेली. परवा दुपारपर्यंत आणतोस त्यांना?"

मी पेटीकडे पाहिले. तिला तीन कुलपे. आमच्या पूर्वजांच्या धान्यकोठाराची हीच रीत होती: तीन आळ्यांचे तीन किल्लीदार, आणि तिघे हजर असल्यावाचून पेटी उघडावयाची नाही. केल्तूमने तिघांनाही बोलावले होते. वरच्या आळीचे हाज बेल्ला उजवीकडे उभे होते, खालच्या आळीचा उबलाइद डावीकडे उभा होता, आणि मधल्या आळीचा किल्लीदार हा प्रस्तुत लेखक होता.

कुलपे धडधाकट होती. कुणाची किल्ली हरवलेली नव्हती.

"तिघांशिवाय ही उघडत नाही," हाज बेल्ला सावकाश म्हणाले. मग आम्ही तिघांनीही एकमेकांकडे पाहिले, आणि ती नजर मला आजही आठवते.

प्रकरण दुसरे : पाटकरी येतात

दादा हम्मू हे आमच्या गावचे पाटकरी. पन्नास वर्षे ते शेतांना पाण्याच्या पाळ्या वाटून देत आले आहेत. कुणी दुसऱ्याच्या पाळीत बांध फोडला की, दादा शेतात जातात, मातीवर तळहात ठेवतात आणि कोणत्या घटकेला पाणी वळविले ते सांगतात. अशा पुरुषाखेरीज या रहस्याचा भेद कोण करणार?

ते आले तेव्हा अर्धे गाव दाराशी जमले होते. माझी पत्नी याज्जा तेथूनच म्हणाली, "इदर, तुझं कुलूप फार चांगलं हो. फक्त पाण्यालाच बसतं."

लोक हसले. मीही हसलो, दुसरे करणार काय?

दादांनी प्रथम खोली पाहिली. वाचकांनीही ती माझ्याबरोबर पाहावी, कारण जे दादांना दिसले ते माझ्याही डोळ्यांसमोर होते. मध्ये लांब मेज होते. मेजावर केल्तूमने गावाला दाखविण्याकरिता भरलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या होत्या: एक झऱ्याची, एक बंद विहिरीची आणि एक शोषखड्ड्याची. त्या पुसून लख्ख केलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली साखरेच्या ढेपेचा निळा कागद अंथरलेला होता. भिंतीवर दिनदर्शिका होती. कोपऱ्यात चहाचे सामान होते.

"रविवारी हा निळा कागद होता का गं?" दादांनी केल्तूमला विचारले.

"नाही. मी दिनदर्शिकेचं गेल्या महिन्याचं पान अंथरलं होतं. का?"

"सहज. रविवारचं सगळं सांग."

केल्तूमने सांगितले. सभा दुपारच्या नमाजानंतर भरली. मशिदीत कुराण शिकविणारे तालेब यांनी आपल्या हाताने लिहिलेले दानपत्र वाचून दाखविले. एकेक जण अंगठा देत गेला. शेवटच्या दोघांच्या अंगठ्यांची शाई ओली होती, म्हणून दानपत्र मेजावर वाळत ठेविले. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कडेवर शेजारचीच एक बाटली ठेविली. मग लोक अंगणात चहाला गेले. पेटी बंद करावयाची तर उबलाइद किल्ली घरी विसरलेला. तो ती आणावयास गेला तो तासाभराने उगवला. तोवर हाज बेल्लाही कुठेसे जाऊन आले. मग फाईल पेटीत ठेवली आणि तीन किल्ल्या फिरल्या.

"आणि खोलीत त्या तासाभरात कोण होतं?"

"लल्ला इज्जा. पेले उचलायला."

दादांनी दाढीवरून हात फिरविला. "म्हणजे तीन माणसं. तासभर गायब झालेला उबलाइद, कुठंसं गेलेले हाज, आणि आत असलेली इज्जा. चल इदर, तू माझ्याबरोबर. तुझी पाटी अजून कोरी नाही, पण तू नजरेसमोर असलेला बरा."

प्रकरण तिसरे : तीन भेटी

पहिला संशय उबलाइदवर जाणे स्वाभाविक होते. शोषखड्डे उपसणारा टँकर त्याचा. गटार झाले की टँकरचे काम संपले. तो टँकरची तोटी घासत होता.

"या दादा. मला बेड्या घालायला पाटाचं दावं आणलंय वाटतं?"

"तुझ्यासाठी दावं कशाला? तुला वासावरनं शोधतात. रविवारी तासभर कुठं होतास?"

"किल्ली आणायला."

"तुझं घर इथून ऐंशी पावलं."

उबलाइद लाल झाला. तोटी खाली ठेवून, इकडे तिकडे पाहून, तो हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका. केल्तूमकडे अर्ज लिहून घ्यायचा होता, पण सगळ्यांपुढे कसा मागणार? मग घरी बसून माझा मीच लिहिला. तीन वेळा फाडला."

"कसला अर्ज?"

"गाळणकुंडाच्या राखणदाराचा." त्याने मान खाली घातली. "दादा, बावीस वर्षं लोकांचे खड्डे उपसतोय. माझ्या पोरी शाळेत नाव सांगताना बापाचा धंदा सांगत नाहीत. मला ते कुंड हवंय हो. गावात सगळ्यात जास्त मलाच हवंय."

दादांनी अर्ज पाहिला. त्यात तीन ठिकाणी खाडाखोड होती, आणि ती शाई त्या वा आदल्या दिवसाची खचित नव्हती.

दुसरी भेट हाज बेल्ला यांची. कुंडासाठी दिलेली जमीन त्यांचीच होती. तीत त्यांच्या वडिलांनी लावलेली सात बदामाची झाडे उभी होती. सारे गाव म्हणत होते की, हाज दान देऊन आता पस्तावले आहेत. त्यांनी आम्हांला जवाची भाकरी व बदाम, तेल आणि मध वाटून केलेले अमलू वाढले, आणि विचारताच घास हातातच ठेवला.

"पस्तावलो? हो, पस्तावलो. लपवू कशाला? दिलं तेव्हा छाती फुगली होती, घरी आल्यावर छातीत दुखायला लागलं."

"मग रविवारी चहा सोडून कुठं गेला होतात?"

"शेतात."

"काय करायला?"

हाज यांनी अमलूची वाटी आमच्याकडे सरकविली. त्यांची सून आतून ओरडली, "सांगा की मामंजी! झाडांची माफी मागायला गेले होते. सातही झाडांची. एकेकाला मिठी मारून. मी गवत कापत होते, मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं!"

"तू गप गं," हाज म्हणाले. परंतु ते रागावलेले नव्हते. "दादा, माफी मागून झाल्यावर कोण कागद चोरतं?"

तिसरी भेट लल्ला इज्जा यांची; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईस मानाने लल्ला म्हणतात. ही सत्तर वर्षांची विधवा खोलीची झाडलोट आणि सभेचा चहा पाहते. निरक्षर आहे, परंतु तिच्या जिभेस धार आहे. गटाराला भर गावात विरोध केला तो एकट्या तिनेच.

"मी अजूनही म्हणते," तिने आम्हांला दारातच ऐकविले, "गावाची घाण नळात भरून मशिदीच्या पायथ्यावरनं न्यायची म्हणजे निर्लज्जपणा आहे. तुमच्या त्या निळ्या फायलीला मी चिमट्यानंसुद्धा शिवले नाही. आणि हम्मू, जोडे बाहेर काढ, आत्ताच सारवलंय."

"जोडे बाहेरच आहेत, लल्ला."

"मग पाय धू."

प्रकरण चौथे : भिंतीवरील तीन हात

बुधवारी सकाळी गावसभेने ठरविले की, आता शपथच घ्यावी. आमच्याकडे वाद अशा थराला गेला की, संशयितांना सिदी याकूब यांच्या दर्ग्यापाशी नेतात. तेथील दगडी भिंतीवर उजवा तळहात ठेवून जो बोलतो तो खोटे बोलत नाही. आजवर कुणी बोललेले नाही. दादांच्या आजोबांच्या काळी एकाने खोटी शपथ घेण्याऐवजी गाव सोडले, ते घर अजून ओस आहे.

उबलाइदने हात ठेवला. "दानपत्र मी घेतलं नाही, घ्यायला लावलं नाही."

हाज बेल्ला यांनी हात ठेवला. त्यांचे शब्दही तेच होते.

लल्ला इज्जा यांनी हात ठेवला आणि सर्वांहून मोठ्याने म्हणाल्या, "या लोकांच्या गटाराच्या कागदाला माझं बोट लागलं असेल, तर ते बोट झडो!"

मग माझ्याकडे नजरा वळल्या, म्हणून मीही न सांगता हात ठेवला आणि शपथ घेतली. भिंत थंड होती. जुन्या भिंतीत असतात तशा भेगा तिच्यात होत्या आणि माझी करंगळी एका भेगेत होती, एवढे मला स्मरते.

चारही जण निर्दोष! मग कागद गेला कुठे? केल्तूम दर्ग्याच्या पायरीवर बसून गुरुवारच्या बसची वेळ पुटपुटत होती. याज्जाने घागर डोक्यावर घेतली. "चला बायांनो. दोनशे पायऱ्या वाट बघतायत. हे पुरुष शपथा घेत बसतील."

मी माझ्या खिशातील विहिरीची किल्ली मुठीत धरली. त्या क्षणी तिचे वजन पंपाच्या दट्ट्याएवढे वाटले.

तेव्हा दादा हम्मू खदखदून हसू लागले.

"दादा, यात हसण्यासारखं काय आहे?" हाज ओरडले.

"आहे. काल रात्रीपासून मला वाटत होतं, आता खात्री झाली. उद्या सकाळच्या बसनं दानपत्र जाणार. सगळे मंडळाच्या खोलीत चला. लल्ला, तुम्ही सगळ्यात पुढे."

प्रकरण पाचवे : दादांचे विवेचन

खोली खच्चून भरली. दादा मेजापाशी उभे राहिले आणि त्यांनी पाळी वाटावयाच्या स्वरात प्रारंभ केला.

"बघा. चौघांनी शपथ घेतली. सिदी याकूबांच्या भिंतीवर आपल्यातलं कुणी खोटं बोलत नाही. म्हणजे चौघं खरं बोलले. चौघं खरं बोलूनही कागद नाही, तर आपला प्रश्न चुकला. आपण विचारतोय, पेटीतून कुणी काढला? तीन कुलपं शाबूत आहेत. इदर, पेटीत कागद ठेवला कुणी?"

"केल्तूमनं फाईल ठेवली," मी म्हणालो.

"फाईल नव्हे. कागद. वाळत घातलेला."

केल्तूम म्हणाली, "तो हाजनी फायलीत घातला असेल असं मला वाटलं."

हाज म्हणाले, "मला वाटलं इदरनं घातला."

मी म्हणालो, "मला वाटलं केल्तूमनं."

"झालं!" दादा म्हणाले. "तीन कुलपांनी तुम्हांला एवढं निर्धास्त केलं की, फाईल उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. कागद पेटीत गेलाच नाही. तो मेजावरून गेला. आता कुठला कागद गेला बघा. ज्याला गटार नको, तो अख्खी फाईल नेईल. नकाशे फाडील. इथं नकाशे आहेत, अर्ज आहेत, छापील सगळं जागच्या जागी. गेल्या फक्त दोन गोष्टी."

"दोन?" केल्तूमने विचारले.

"दानपत्र, आणि बाटल्यांखालचं दिनदर्शिकेचं पान. जुन्या महिन्याचं, पाण्यानं डागाळलेलं पान. कोण चोरतं असलं पान? त्याच्या जागी साखरेचा निळा कागद आला, बाटल्या पुसल्या गेल्या. चोर मेज पुसत नाही. मी रात्रभर विचार केला, या दोन कागदांत सारखं काय? दिनदर्शिका बघा." त्यांनी भिंतीकडे बोट केले. "दर पानाच्या डोक्यावर काय छापलंय?"

"आयत," तालेब म्हणाले.

"आणि तालेब, तुम्ही दानपत्राची सुरुवात कशी केली?"

"अर्थात अल्लाहच्या नावानं. दुसरी कशी करणार?"

खोलीत कुजबूज उठली. काहींच्या ध्यानात आले. माझ्याही आले, आणि माझे कान तापले.

"मशिदीच्या दाराच्या कमानीवर ते नाव कोरलंय. ज्याला एक अक्षर येत नाही तोही ते ओळखतो," दादा म्हणाले. मग ते वळले आणि अतिशय आदराने बोलले. "लल्ला इज्जा, मी तुम्हांला गटाराच्या कागदाचं विचारत नाही. रविवारी या बाटल्यांजवळून तुम्ही काय वाचवलंत?"

लल्ला इज्जा यांनी कंबरेवर हात ठेवले.

"वाचवलं? तर काय करायचं होतं? अल्लाहचं नाव लिहिलेला कागद, तालेबांच्या हातचा, आणि त्याच्यावर शोषखड्ड्याची बाटली! खाली दुसरं पान, त्यावरही आयत, त्यावर त्या घाणीचा ओघळ! कुण्या गाढवानं ती बाटली ठेवली ते सांगा, मी त्याच्या तोंडावर ओतते!"

सुज्ञ वाचकहो, सत्य लपविणे लेखकास शोभत नाही. ती बाटली मी ठेवली होती. शेजारीच होती, जड होती, म्हणून ठेवली. मी हात वर केला.

"तू! तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं?"

"नाही लल्ला."

"अगं पण लल्ला," केल्तूम रडू की हसू अशा स्वरात म्हणाली, "तेच तर आमचं दानपत्र! दोन दिवस गाव शोधतंय!"

"तुमचे कागद निळ्या फायलीतले, यंत्रावर छापलेले. मी बाहेर चहा करत होते, तुम्ही काय वाचलंत मला काय ठाऊक? आणि गटाराच्या कागदावर अल्लाहचं नाव कोण लिहील? मला वाटलं, तालेबांचं पढायचं पान तुम्ही गचाळ लोकांनी दाबून ठेवलंय. खालचे ते ठसे मला शाईचे डाग वाटले."

"मग ते कुठं आहे?" चार जणांनी एकदम विचारले.

आमच्याकडे असे कागद जमिनीवर पडू देत नाहीत, केरात टाकीत नाहीत. स्वच्छ भिंतीच्या भेगेत, उंच, सरकवून ठेवतात. लल्ला इज्जा यांनी सर्वांना वेड्यात काढीत उत्तर दिले, "कुठं म्हणजे? सिदी याकूबांच्या भिंतीत. सकाळी तुम्ही सगळे हात ठेवून उभे होतात तिथं!"

प्रकरण सहावे : भेगेतील खजिना

दर्ग्याची भिंत दुहेरी आहे, आणि कागद भेगेतून आत घसरला होता. भिंत फोडणे कुणाच्या मनातही येणे शक्य नव्हते. तेव्हा पंपघरातील माझी तार उपयोगी पडली, जिने मी विहिरीत पडलेल्या बादल्या काढतो. लल्ला इज्जा यांनी प्रथम माझे हात तीनदा धुवविले, मग तार धुवविली.

तार आत गेली आणि कागद येऊ लागले. चाळीस वर्षांचे! जुन्या पढाईची पाने, औषधाच्या पुडीचे वेष्टन, उबलाइदच्या बापाच्या लग्नाची पत्रिका, आणि एक दुमडलेले पत्र. तालेबांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली, "अल्लाह तुला सुखी ठेवो, माझ्या बदामाच्या फुला—"

"बस!" हाज बेल्ला ओरडले. "ते माझं आहे. कासाब्लांकाहून हिला लिहिलं होतं. तिनं ते इथं ठेवलं?"

"मग कुठं ठेवणार?" गर्दीतून त्यांची म्हातारी म्हणाली. "सासूच्या हाती पडलं असतं."

अख्खा दर्गा हसला. सहाव्या खेपेला तार जड लागली आणि दानपत्र बाहेर आले. एकेचाळीस अंगठे शाबूत होते. एका कडेला बाटलीच्या बुडाचे फिकट वर्तुळ होते. केल्तूमने हात पुढे केला, परंतु लल्ला इज्जा यांनी कागद आधी घेतला, आपल्या स्वच्छ ओढणीत गुंडाळला आणि घोषणा केली:

"तुमच्या हाती आता हा देणार नाही. मी नेते."

"लल्ला, तुमचा तर गटाराला विरोध!"

"गटाराला आहे. कागदाला नाही."

प्रकरण सातवे : बारा वाजावयास वीस मिनिटे

गुरुवारी आम्ही चौघे प्रांताच्या कार्यालयात पोहोचलो: केल्तूम, दादा, मी आणि ओढणी छातीशी धरलेल्या लल्ला इज्जा. वाटेत बसचे चाक बसले होते. घड्याळात बारा वाजावयास वीस मिनिटे होती. कारकुनासमोर फायलींचा ढीग, भरलेले राखपात्र आणि अर्धवट खाल्लेली उकडलेल्या अंड्याची भाकरी होती.

"तामदा? आण इकडे मावशी. ठेव इथं."

"इथं?" लल्ला इज्जा यांनी राखपात्राकडे पाहिले. "बाळा, हे आधी उचल."

कारकुनाने केल्तूमकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि राखपात्र उचलले.

"ती भाकरीपण. आणि मेज पूस."

"मावशी, बारा वाजतायत!"

"मग लवकर पूस."

त्याने मेज पुसले. आतून समितीचे अध्यक्ष, एक ऐटबाज टायवाले गृहस्थ, आवाज ऐकून बाहेर आले. केल्तूम माझ्या कानात म्हणाली, "इदरभाऊ, आता निधी गेला."

"हात," लल्ला इज्जा म्हणाल्या. "अंड्याचे हात आहेत तुझे."

कारकून कोपऱ्यातील बेसिनकडे धावला. तोटी फिरविली. तोटी खाकरली आणि गप्प झाली. पाण्याच्या निधीचे कार्यालय, आणि नळ कोरडा! बारा वाजावयास सात मिनिटे.

मग अध्यक्षांनी स्वतः आपल्या मेजावरची पिण्याच्या पाण्याची बाटली आणली आणि कारकुनाच्या हातांवर ओतली. मग काय वाटले कुणास ठाऊक, उरलेले पाणी त्यांनी आपल्याही हातांवर ओतले, हातरुमालाने पुसले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

लल्ला इज्जा यांनी दानपत्र त्या ओंजळीत ठेविले. शिक्का बसला तेव्हा बारा वाजावयास चार मिनिटे होती.

"आजी," अध्यक्ष कागद चाळीत म्हणाले, "इथं नोंद आहे की गावातल्या एका बाईचा विरोध आहे."

"ती मीच."

"अजून आहे?"

लल्ला इज्जा यांनी विचार केला. "घाण कुठं जाते ते आज कुणालाच ठाऊक नाही. म्हणून ती इदरच्या विहिरीत गेली. नळातनं जाणार असेल तर निदान कुठं जाते ते मला दिसेल. लिही, विरोध नाही. पण मशिदीपासून दहा हात लांबून."

अध्यक्षांनी ते समासात आपल्या हाताने लिहिले.

चर गावाने सात आठवड्यांत खोदला, मशिदीपासून मोजून अकरा हातांवरून. हाज बेल्लांची पाच झाडे गेली, दोन वाचली. उबलाइद आता कुंडाचा राखणदार आहे आणि त्याची गणवेशाची टोपी तो घरातही काढीत नाही.

विहीर साफ व्हावयास सव्वा दोन वर्षे लागली. आम्ही ती पाच वेळा उपसली. अखेरीस प्रयोगशाळेचा कागद आला, मी कुलूप काढले, आणि खालच्या आळीतील बायका कठड्याभोवती गोळा झाल्या. पहिला पेला भरून याज्जाने लल्ला इज्जा यांच्यापुढे धरला, कारण मान त्यांचाच होता.

लल्ला इज्जा यांनी पेला उन्हात धरून पाहिला, वास घेतला आणि माझ्या हातात दिला.

"आधी हा पिऊ दे," त्या म्हणाल्या. "काही झालंच, तर पंपाला दुसरा माणूस मिळेल."

मी प्यालो. पाणी थंड होते, आणि गोड होते.

येथे हा वृत्तान्त पूर्ण झाला. ज्यांनी आपला अमूल्य वेळ देऊन तो अखेरपर्यंत वाचला त्या सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. लेखनात काही न्यून राहिले असेल तर ते माझ्या अल्प शिक्षणाचे समजावे. घडलेल्या गोष्टीत मात्र काही न्यून नव्हते.

आपला नम्र,
इदर उ-बराईम, पंपचालक व मधल्या आळीचा किल्लीदार, तामदा